दव, धूळ आणि बोअरचं पाणी: सोलापूरच्या हिवाळ्यात गाडीचा रंग कसा जपायचा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गाडीच्या रंगासाठी सोलापुरातला सगळ्यात सोपा काळ असायला हवा. ऊन मवाळ, पाऊस नाही, चिखल नाही. तरी मार्च उजाडेपर्यंत काळ्या, निळ्या, मरून गाड्यांच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे चमकायला लागतात. त्यातले बहुतेक सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, पार्किंगमध्ये, फडक्याने पाडलेले असतात.

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चार थर. पत्र्याला लागून गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. चमक याच थराची, आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनंही यातच असतात. गॅरेजमध्ये चरे घालवायला रबिंग मारतात तेव्हा हाच थर थोडा थोडा घासून काढतात. दरवर्षी दिवाळीला रबिंग मारून घेणाऱ्या गाडीचा टप आठ-दहा वर्षांत पापुद्रे सोडू लागतो तो यामुळेच. त्यामुळे चरे पडूच नयेत याची काळजी घेणं हे चरे घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

दव नेमकं काय करतं

थंडीत सोलापूरचं आभाळ निरभ्र असतं. दुपारी पारा ३० च्या आसपास आणि पहाटे बऱ्याचदा १२ ते १५. उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते. म्हणून टप, बॉनेट आणि डिकी ओली असते आणि दरवाजे मात्र जवळजवळ कोरडे. पत्र्याच्या शेडखाली, झाडाखाली किंवा नुसत्या शेडनेटखालीही दव फारसं पडत नाही, कारण पत्रा आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आलेलं असतं. छत परवडत नसेल तर गाडीपेक्षा दोन फूट जास्त लांब-रुंद शेडनेट, सात-साडेसात फूट उंचीवर ताणून बांधलं तरी निम्मं काम होतं.

दव हे स्वच्छ पाणी. घाण असते ती त्याच्याखालची धूळ. आपल्याकडची कोरडी धूळ म्हणजे काळ्या मातीची पूड, रस्त्याच्या खडीचा चुरा आणि वाळूचे कण. यातले कडक कण क्लिअर कोटपेक्षा टणक असतात. दवाने धूळ भिजते, पण वाहून जाण्याइतकं पाणी नसतं. नुसता लेप तयार होतो. त्यावर फडकं फिरवलं की कण फडक्यात अडकतात आणि बॉनेटभर ओढले जातात.

फडकं न फिरवता तसंच सोडलं तर? नऊ-साडेनऊच्या उन्हात थेंब वाळतात आणि धुळीतले क्षार गोल कडं करून मागे राहतात. हे डाग ताजे असताना साध्या धुण्याने जातात. आठ-दहा दिवस रोज तसंच होत राहिलं तर कोरल्यासारखे घट्ट बसतात. तरीही दोन्हींत निवड करायची वेळ आली तर दव वाळू द्या. डाग निघतात, चरे क्लिअर कोट घासल्याशिवाय निघत नाहीत.

सोसायटीत महिन्याच्या पगारावर गाड्या पुसणारे मामा असतात. एक बादली, दोन फडकी आणि दहा-बारा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहासारखं झालेलं असतं आणि त्यात आधीच्या गाड्यांची सगळी वाळू. त्यात मामांचा दोष नाही, त्यांना काम उरकायचं असतं. त्यांना सरळ सांगा: "मामा, आमच्या गाडीच्या नुसत्या काचा आणि आरसे पुसा, पत्र्याला हात लावू नका. पगार तेवढाच." सुरुवातीला ते ऐकत नाहीत, गाडी घाण दिसली तर आपल्यावर येईल असं त्यांना वाटतं. आठवडाभर रोज आठवण करावी लागते. काचांसाठी त्यांच्या हातात तुमच्या गाडीचं वेगळं फडकं द्या.

वायपरचंही तेच. सकाळी काचेवर दव आणि धूळ असताना वायपर नुसता फिरवला की काचेवर अर्धवर्तुळाकार रेघ पडते, आणि काचेची रेघ पॉलिशने सहज जात नाही. आधी मगभर पाणी ओता, मग वायपर.

टॉवेल आणि चादर अंगासाठी ठेवा

सोलापुरात घरोघरी जुने टॉवेल आणि चादरी पडलेल्या असतात, त्यामुळे गाडीला तेच लागतात. इथला टेरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण गाडीला नको. सुती फासे वाळू धरून ठेवतात आणि सोडत नाहीत, लव पत्र्यावर राहते, आणि कडेची शिवण बॉनेटवरून फिरली की सरळ ओरखडा. जुना टॉवेल दरवाज्यांच्या आतल्या कडा, पायदान आणि टायर पुसायला वापरा.

रात्री दव लागू नये म्हणून बॉनेटवर आणि टपावर चादर टाकण्याची पद्धतही बरीच आहे. पहाटेपर्यंत ती ओलीचिंब होते, वाऱ्याने सरकते आणि खालची धूळ घासते. गडद रंगाची असेल तर पांढऱ्या गाडीवर रंग उतरण्याचीही शक्यता.

घ्यायचं ते मायक्रोफायबर. पुसायला ३०० ते ४०० जीएसएमची (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सहा फडकी, वाळवायला ६०० च्या वरचं एक मोठं. कडेला शिवण नसलेली मिळाली तर फारच छान. प्रत्येक फडक्याची चौपदरी घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की उलटायची, पुन्हा तीच बाजू पत्र्याला लावायची नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी बाद. धुताना ही फडकी वेगळी धुवा, सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांची लव हे चिकटवून घेतात. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं.

पाणी कुठलं

नळाला रोज पाणी येत नाही म्हणून गाडीला बोअर. आणि बोअरचं पाणी जड. शहराच्या बऱ्याच भागांत त्यात क्षार इतके असतात की बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतो. तोच थर बॉनेटवरही बसतो. थंडीत हवा कोरडी, त्यामुळे धुता धुता एक बाजू वाळून जाते आणि पांढरे ठिपके उमटतात.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर घेऊन ठेवा, काही शे रुपयांत मिळतो. १०० पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात १०० भाग क्षार) आतलं पाणी गाडीवर वाळलं तरी फारसा डाग पडत नाही. ३०० च्या वर असेल तर वाळायच्या आत पुसावंच लागतं. ८००-१००० दाखवलं तर ते पाणी फक्त टायर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला.

पाणी वाचवायचं म्हणून आरओ मशीनची वाया जाणारी धार बादलीत साठवून त्याने गाडी धुणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला, परिणाम वाईट. आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतं ते सगळे त्या धारेत असतात, म्हणजे ते पाणी मूळ बोअरपेक्षाही जड. ते फरशी आणि संडासाला वापरा. उलट करा: गाडी बोअरच्या पाण्याने धुवा आणि शेवटचा हात आरओच्या चांगल्या पाण्याने. स्प्रे बाटलीत चार लिटर पाणी पुरतं. टपापासून खाली फवारत यायचं आणि लगेच मोठ्या फडक्याने टिपायचं. टिपायचं म्हणजे फडकं पसरून ठेवायचं आणि हलकेच ओढायचं, रगडायचं नाही.

जुने पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी सम प्रमाणात मिसळून फडक्याने डागावर ठेवा. एक मिनिट, मग भरपूर पाणी. पत्रा गार हवा, सावली हवी, आणि मिश्रण वाळू द्यायचं नाही. दोनदा करून डाग गेला नाही तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलाय असं समजा. मग काम पॉलिशवाल्याचं. व्हिनेगरने तिथलं वॅक्सही, म्हणजे रंगावर लावलेला मेणाचा थरही जातो, तेव्हा त्या जागी पुन्हा हात मारावा लागतो.

कमी पाण्यात धुण्याची रीत

पाइप लावून धुतलं तर १५० लिटर सहज जातात. दोन बादल्यांच्या पद्धतीत ४० ते ५०. रिन्सलेस वॉश, म्हणजे लावून नुसतं पुसायचं, नंतर पाण्याने धुवावं न लागणारं लिक्विड, वापरलं तर ८ ते १०. पाण्याचे वार ठरलेल्या शहरात थंडीच्या चार महिन्यांत आठवड्याला रिन्सलेस आणि महिन्यातून एकदा दोन बादल्या, हे गणित जमतं.

वेळ महत्त्वाची. सकाळी दव असताना नको, आणि संध्याकाळी पाचनंतरही नको, कारण ओल दरवाज्यांच्या फटीत रात्रभर राहते आणि त्यावर धूळ बसते. साडेनऊ ते साडेअकरा किंवा दुपारी साडेतीन ते पाच, सावलीत. बॉनेटला तळहात लावून बघा. कोमट असेल तर थांबा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास बॉनेट उघडून ठेवा.

दोन बादल्या, प्रत्येकी १५ ते २० लिटरची. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. शाम्पू गाडीचाच, पीएच न्यूट्रल लिहिलेला, बाटलीवर दिलेल्या मापाने. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड तेल काढण्यासाठीच बनवलेलं असतं, ते मेणही काढतं. आधी टायर आणि मडगार्डच्या आतली बाजू वेगळ्या ब्रशने. मग मगाने किंवा पाइपने गाडीवर नुसतं पाणी सोडायचं, हात न लावता, सैल धूळ वाहून जाईपर्यंत. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूच्या बादलीत बुडवून टपापासून सुरुवात. टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा अर्धा, आणि सगळ्यात शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर. हात सरळ रेषेत पुढे-मागे, गोल गोल नाही. प्रत्येक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी वाळू बसलेली दिसेल. एकच बादली असती तर ती सगळी बॉनेटवर फिरली असती.

रिन्सलेस लिक्विडचं नेहमीचं प्रमाण १ ला २५६, म्हणजे ४ लिटर पाण्यात १५ मिली. जास्त टाकलं तर पत्र्यावर चिकट ओघळ राहतात. यात पाच-सहा फडकी भिजवून ठेवायची. त्याच मिश्रणाची एक स्प्रे बाटली भरायची. एका भागावर फवारायचं, अर्धा मिनिट थांबायचं, भिजलेलं फडकं वजन न देता फिरवायचं आणि कोरड्याने पुसायचं. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत जाणार नाही. एक मात्र बघायचं: गाडीवर मातीचे लपके असतील तर रिन्सलेसने हात लावू नका. ते फक्त धुळीसाठी.

वॉशिंग सेंटरला जायचं तर दाबाची धार बंपरपासून आणि आधीच्या टवक्यांपासून दोन फूट लांब ठेवायला सांगा. सुटलेल्या कडेत धार घुसली की रंगाचा तुकडा उचलला जातो. आणि पुसायला तुमची फडकी द्या. तिथल्या स्पंजने पाच मिनिटांपूर्वी कुठल्या तरी पिकअपची चेसी धुतलेली असते. धुऊन झाल्यावर टायरच्या पॉलिशचं फडकं बॉनेटवर फिरवून "चमक" देतात तीही नको म्हणायचं. डिझेल किंवा रॉकेलचा हात मारल्यावर जी चमक येते ती तेलाची असते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट धूळ ओढते.

वॅक्स कधी आणि किती

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या फटाक्यांची राख धुऊन झाल्यावर, वॅक्स किंवा सीलंटचा (वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम द्रव्य) एक हात. क्लिअर कोट झिजण्याआधी हा थर झिजावा, एवढाच हिशेब.

वॅक्सआधी पत्रा तपासा. धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवर पातळ कॅरीबॅगमध्ये हात घालून फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर क्ले करायची, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीने रुतलेले कण उचलायची, गरज नाही. रव्यासारखं खरखरीत लागलं, आणि रेल्वे स्टेशनजवळ किंवा एमआयडीसीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ते लागतंच, तर १०० ग्रॅमच्या क्ले बारचा चतुर्थांश तुकडा घ्या, चपटा करा, शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि दोन बाय दोन फुटांच्या भागात हलक्या हाताने सरळ फिरवा. खरखर थांबली की थांबा. दर भागानंतर तुकडा मळून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर फेकून द्या, धुऊन वापरायचा मोह नको. वर्षातून एकदा बस्स.

कार्नोबा वॅक्स छान दिसतं, पण उघड्यावरच्या गाडीवर दीड-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने. फक्त थंडीसाठी लावायचं तर सीलंट घ्या, मार्चपर्यंत पुन्हा बघावं लागत नाही. लहान हॅचबॅकला ३० ते ४० मिली पुरतं. यात सगळे चुकतात ते जाड लावून. जास्तीचं सगळं पुसून काढायचंच असतं, आणि जाड थर पुसताना दमछाक होते ती वेगळी. दोन दरवाज्यांना लावलं, पाच ते दहा मिनिटं थांबलं, बोट फिरवून बघितलं. रेघ स्वच्छ उमटली की पुसा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लागलं तर पांढरे डाग पडतात, तिथे आधी मास्किंग टेप लावा.

सीलंट पक्कं व्हायला बहुतेकांना सहा ते बारा तास कोरडे लागतात, बाटलीवर लिहिलेलं असतं. संध्याकाळी सहाला लावलं आणि रात्री त्यावर दव पडलं तर सकाळी टपावर ठिपक्यांची रांगोळी. म्हणून सकाळी दहाला सुरुवात करा, बाराला संपवा, आणि ती एक रात्र गाडी छताखाली काढा. शेजाऱ्याचं पार्किंग मागायची हीच वेळ.

सिरॅमिक कोटिंगचं तर हे दुप्पट खरं. पहिले २४ तास पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर धुणं नको. उघड्या पार्किंगमध्ये डिसेंबरात घरी येऊन करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. बाटलीवरचा ९एच हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, त्याने खडी लागून उडणारे टवके थांबत नाहीत. बोअरच्या पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतात.

दुरुस्तीनंतर नवा रंग मारलेला भाग असेल तर त्यावर किमान महिनाभर वॅक्स लावू नका. आतलं थिनर उडायला वाट हवी.

ऊस, हुरडा, मोहोर आणि भंडारा

थंडी म्हणजे गाळप हंगाम. कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारी टिपरी, आणि फडातून टायरला लागून आलेली काळी माती रस्त्यावर पसरलेली. ओव्हरटेक करताना दोन हात जास्त अंतर ठेवा, उसाच्या शेंड्याचा ओरखडा दरवाज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की दगड होते. मडगार्डच्या आत साठलेले गोळे काठीने खरवडू नका. पाणी मारा, दहा मिनिटं सोडा, पुन्हा मारा; तिसऱ्यांदा आपोआप सुटतात. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक छिद्रं असतात, तीही या मातीने बुजतात. लाकडी काडीने मोकळी करा, नाहीतर दरवाजा आतून गंजतो.

पाचट पेटवल्यावर उडणारी काळी लव आणि बॉयलरमध्ये चिपाड जळून येणारी राख गाडीवर बसली तर हाताने झटकू नका. चिपाडाच्या राखेत सिलिका असते, ती घासते. आणि राख दवात भिजली की अल्कधर्मी होते, वॅक्स खाते. त्याच दिवशी नुसत्या पाण्याने उतरवा. होटगीच्या बाजूला सिमेंटची धूळ बसत असेल तर हेच, पण जास्त घाईने, कारण सिमेंट दव पिऊन घट्ट बसतं. ठिपके जमलेच तर वर सांगितलेलं व्हिनेगर-पाणी दोन-तीन वेळा, नखाने कधीच नाही.

हुरड्याला रानात जाताना पाणंदीच्या दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या असतात. गाडी बांधाच्या अलीकडे लावून चालत जा. गेलातच तर आरसे मिटून हळू, आणि आल्यावर बोटाच्या नखाने चरा तपासा. नख अडकत नसेल तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने कमी होईल. अडकत असेल तर टचअप, म्हणजे त्याच रंगाचा थेंब भरणं.

जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहोरतो आणि त्याच्यावर तुडतुडे येतात. ते जो चिकट द्रव सोडतात तो खालच्या गाडीवर बारीक ठिपक्यांनी पडतो, त्यावर धूळ, मग काळी बुरशी. गार गाडीला सावलीची गरज नसते, या दोन महिन्यांत आंब्याखाली गाडी लावूच नका. लागलंच तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवून मग टिपा. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हीच रीत. ती आम्लधर्मी असते आणि दिवसभर उन्हात राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटतो. डिकीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि एक फडकं कायम असू द्या.

मार्गशीर्षात बाळे इथल्या खंडोबाला गाडी गेली की भंडारा येणारच. हळद कोरडी असताना फुंकून, झटकून किंवा हवेच्या धारेने काढा. ओली करून चोळली की प्लॅस्टिकच्या भागांत आणि जुन्या, चरे पडलेल्या रंगात शिरते. कपड्याच्या साबणाने ती लाल होते, घाबरू नका, अल्कधर्मी साबणाने हळद लाल होतेच. गाडीच्या शाम्पूने धुवा. उरलेला पिवळेपणा दोन-तीन दिवसांच्या उन्हात उडतो. नव्या गाडीच्या पूजेत बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, ते आठवडाभर मिरवायची हौस असते आणि मग ठसा राहतो. भटजींना किंवा आईला सांगून ते पुढच्या काचेवर काढून घ्या. नारळाचं पाणी उडालं असेल तर घरी आल्यावर धुवा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी लावली तर परत येईपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ असते. लिहू देऊ नका. पोरांचं बोट म्हणजे पॉलिश पेपरच.

परदेशी व्हिडिओंत हिवाळा म्हटलं की रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि गाडीच्या पोटाची धुलाई असते. ते आपल्याला लागू होतं ते नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळे किंवा गोव्याहून आल्यावर. समुद्राच्या खाऱ्या हवेत चार दिवस काढलेली गाडी खालून-वरून साध्या पाण्याने धुवा, बाकीच्या दिवसांत पोटाची चिंता नको.

कव्हर

कव्हर घालायचं ते धुतलेल्या गाडीवर. मळक्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यात हलतं आणि रोज रात्री पॉलिश पेपर मारतं. स्वस्तातलं चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर आतून घाम धरतं, ओल अडकते, आणि काही आठवड्यांत टपावर दुधी ढग दिसू लागतात. श्वास घेणारं, आतून मऊ अस्तराचं आणि पोटाखालून पट्टा असलेलं घ्या. सकाळी ते दवाने ओलं असतं. काढताना आतली बाजू आतच राहील असं दुमडत जा म्हणजे ती जमिनीला लागत नाही, आणि दुपारी वाळवल्याशिवाय डिकीत कोंबू नका. गाडी रोज बाहेर निघत असेल तर खरं सांगायचं तर कव्हरचा उपद्व्याप करूच नये. घालताना-काढतानाच जास्त चरे पडतात.

टवके

पुणे रोडला किंवा विजापूर रोडला डंपरमागून जाताना खडी लागते आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडतो. पत्रा उघडा पडला असेल तर रोजचं दव पुरे, गंजाचा पिवळा ठिपका लवकरच येतो. रंगाचा कोड चालकाच्या दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, त्यावरून टचअपची बाटली मागा. नुसतं "सिल्व्हर द्या" म्हटलं तर वेगळाच सिल्व्हर मिळतो.

काम दुपारी अकरा ते तीनमध्ये. टवका आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज आला असेल तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरचा शेंगदाण्याएवढा तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून फक्त खड्ड्यात फिरवा. मग टूथपिकने प्रायमरचा एक थेंब, अर्धा तास. मग रंग, एकदम भरायचा नाही. दोन पातळ थेंब, मध्ये अर्धा तास. रंग सुकताना आक्रसतो, म्हणून पहिल्या थेंबाने खड्डा भरल्यासारखा वाटतो आणि तासाभराने पुन्हा खोल दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिअरचा थेंब. बाटलीसोबत येणारा ब्रश बाजूला ठेवा, तो टवक्याच्या चौपट जागा रंगवतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गाडी धुतल्यावर बॉनेटवर मगभर पाणी ओतून बघा. थेंब गोल होऊन पळाले तर सीलंट जिवंत आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर मार्चचं ऊन चढायच्या आत दुसरा हात मारून घ्या. एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की सीलंट लावता लावता सुकून चिकटतं आणि पुसता पुसत नाही.